ओट्सचा उपमा चिकट का होतो?

प्रश्न : यजमानांचे कोलेस्टेरॉल वाढल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना नाश्त्याला ओट्स घेण्यास सुचवले आहे. मला सकाळी साडेसातला घर सोडावे लागते. रव्यासारखा उपमा करून पाहिला, तर त्याची अक्षरशः खळ झाली. त्यापेक्षा तयार मसाला ओट्सची पाकिटे वापरावीत का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण रव्याच्या मापाने पाणी घातले असावे. ओट्सचे पोहे कारखान्यातच वाफवून चपटे केलेले असल्यामुळे ते अर्धवट शिजलेलेच असतात, आणि रव्याला लागते तसे दुप्पट-अडीचपट उकळते पाणी त्यांना दिले की त्यांचा गोळा होणारच. मात्र हा चिकटपणा म्हणजे दोष आहे असे समजू नये. तो बीटा-ग्लुकन या विद्राव्य तंतूमुळे येतो. हा तंतू आतड्यातील पित्ताम्ले धरून ठेवतो; मग नवे पित्त तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते. आपल्या डॉक्टरांनी ओट्स सुचवले ते याच गुणासाठी. हा तंतू इतक्या प्रमाणात ओट्स आणि जव या दोनच धान्यांत मिळतो.

दोघांसाठी साधारण ८० ग्रॅम, म्हणजे एक मोठी वाटी ओट्स घ्यावेत आणि कोरड्या कढईत मध्यम आचेवर चार-पाच मिनिटे, खमंग वास सुटेपर्यंत भाजावेत. एक पाकळी चिमटीत दाबल्यावर कुरकुरीत तुटली, की भाजणी झाली असे समजावे. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि पुढचे सगळे बिघडते. ओट्स ताटलीत काढून त्याच कढईत दोन चमचे तेलाची मोहरी, जिरे, कढीपत्ता, मिरची आणि हळद घालून फोडणी करावी, त्यात कांदा परतावा आणि रात्रीच चिरून ठेवलेले गाजर व फरसबी, मटार आणि मीठ घालून भाज्यांना झाकण ठेवून वाफ आणावी. मग ओट्स घालून जेमतेम पाऊण वाटी गरम पाणी शिंपडावे, एकदाच हलकेच ढवळावे, झाकण ठेवून दोन मिनिटांत गॅस बंद करावा. वरून लिंबू आणि कोथिंबीर. खोबरे मात्र यजमानांच्या ताटात चिमूटभरच असावे. त्याऐवजी मोड आलेले मूग वाफवून घातले, तर प्रथिनेही मिळतात.

पाकिटांविषयी माझे मत स्पष्ट आहे : रोजच्या नाश्त्याला ती नकोत. पाकीट उलटून सोडियमचा आकडा पाहिला, म्हणजे त्यात किती मीठ आहे ते आपल्याच लक्षात येईल. शिवाय झटपट शिजणारे ओट्स बारीक कापलेले असल्यामुळे लवकर पचतात आणि साखरही लवकर वाढते. यजमानांना मधुमेह असल्यास हे विशेष जपावे.

एक गोष्ट कळकळीने सांगते. ओट्समधून दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन मिळाल्यास लाभ होऊ शकतो, असा दावा पाकिटांवर छापण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली परवानगी दिली. एका माणसाच्या ४० ग्रॅम ओट्समधून त्याच्या निम्मे किंवा थोडे अधिकच मिळते. तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली असेल, तर ओट्स सुरू केले म्हणून ती परस्पर बंद करू नये.

डबा न्यायचा असेल, तर उपमा ताटात पसरून वाफ जाऊ द्यावी आणि मगच भरावा. गरम भरल्यास झाकणाखाली पाणी सुटते आणि तो पुन्हा चिकट होतो.