तांब्या भरलेलाच का राहतो?

आई ७८ वर्षांच्या. न्यूमोनियामुळे ११ दिवस रुग्णालयात होत्या, घरी येऊन तीन आठवडे झाले. तुम्ही दिवसातून चार वेळा बीपी, ऑक्सिजन, ताप वहीत टिपता, खोलीत कॅमेरा लावलाय, तरी बहीण फोनवरून चुका काढते. तिला कसं समजवावं, असं विचारता.

बहिणीचं राहू द्या. पत्राच्या शेवटी, कंसात, तुम्ही लिहिलंय: 'हल्ली संध्याकाळी सहानंतर पाणी घेत नाही, तेवढं सोडलं तर उत्तम आहे.'

अहो, तेवढं कसं सोडायचं?

उतारवयात तहान तशीही कमी लागते. पण घड्याळ बघून पाणी बंद करणाऱ्या बाईचा हिशोब वेगळा असतो. पाणी प्यायलं की रात्री उठावं लागणार, आणि उठायची धास्ती वाटते. ११ दिवस अंथरुणात काढल्यावर मांड्यांतलं बळ जातं, ते तीन आठवड्यांत परत येत नाही. लघवीसाठी मुलाला दोनदा उठवायचं म्हणजे संकोच. वर तो कॅमेरा! (तुमच्यावर कोणी रोखला असता तर?) आणि पाणी कमी पडलं की उभं राहताना भोवळ, बद्धकोष्ठ, कधी बोलण्यातही गोंधळ. ज्या पडण्याला त्या भितात, तेच जवळ ओढवून घेतायत.

तुमच्या वहीत हे दिसणार नाही, कारण बीपी तुम्ही त्यांना बसवून घेता. पाच मिनिटं आडवं झोपवून घ्या, मग आधार देऊन उभं करा आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. लघवीची गोळी संध्याकाळी असेल, तर ती सकाळी चालेल का, हेही त्यांनाच विचारा. हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, तर माप तेच ठेवा.

आता खरं काम. कॅमेरा आजच काढा आणि तुमची गादी आईंच्या खोलीत टाका. त्यांच्या हाकेची वाट बघू नका. दोनच्या सुमारास तुम्हीच म्हणा, "आई, मी उठलोय, जाऊन येऊ या." त्यांना आधी पाय खाली सोडून जरा बसू द्या, मग हात द्या. तुम्ही दाराबाहेर थांबा. चार रात्री गेल्या की पाण्याचं बोला, त्याआधी नको.

वही हवीच असेल, तर एक रकाना वाढवा: रात्री किती वेळा उठलो. दोघांचा मिळून.