वर्गणी कुणाच्या नावे?

प्रश्न : मामंजी मार्चमध्ये गेले. ‘ललित’ मासिकाचे ते जुने वर्गणीदार. अंक अजून त्यांच्याच नावाने येतो. वर्गणी आता संपत आली आहे. हे म्हणतात, बंद करू आणि जुने गठ्ठे रद्दीत देऊ, घरात वाचतो कोण? मी मात्र चार महिने तो दुपारी चोरून वाचते आहे. पुस्तकांच्या जाहिरातींपुढे मामंजींच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, काहींवर मागाहून मारलेली फुली. मला वाचनाची गोडी लागली आहे की हा नुसता हळवेपणा?
– एक सून, सातारा

उत्तर : स्वतःच्याच दाराशी आलेले मासिक तुम्ही चोरून वाचता, याचे मला आधी हसू आले आणि मग वाईट वाटले. हळवेपणा असेलही, पण त्या भरात माणूस एखादा अंक वाचतो, लागोपाठ चार नाही. तेव्हा वर्गणी जरूर भरा.

पुस्तक आपण आपल्या आवडीने निवडतो आणि म्हणूनच बहुधा त्याच त्या चार लेखकांभोवती घुटमळत राहतो. वर्गणीदार मात्र वर्षभराची निवड संपादकावर सोपवून मोकळा होतो, आणि ज्याचे नाव दुकानात कधी तोंडातूनही आले नसते अशा लेखकाशी एखाद्या दुपारी त्याची गाठ पडते. शिवाय मागच्या महिन्यात कुणी केलेल्या विधानाला पुढच्या अंकात कोण काय उत्तर देतो, याची वाट पाहण्यातली गंमत सुटा अंक विकत घेणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

गठ्ठ्यांचे म्हणाल, तर केशवराव कोठावळे यांनी हे मासिक १९६४च्या जानेवारीत सुरू केले आणि जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने त्यात भल्याभल्या साहित्यिकांची टोपी उडवत असत. मामंजींचे अंक तितके जुने असतील, तर ते किलोच्या भावाने जाण्याआधी त्यातले एखादे पान यजमानांना मोठ्याने वाचून दाखवा. हसले, तर प्रश्नच मिटला. न हसले, तर गठ्ठे माळ्यावर चढवा आणि विषय वाढवू नका.

वर्गणी भरताना मात्र नाव बदलून घ्या. मामंजींचेच नाव चालू ठेवण्याचा मोह होईल, पण त्यांच्या नावाचा अंक तुम्ही पुन्हा चोरूनच वाचाल.

राहिल्या खुणा. माझा तर्क असा, की खूण म्हणजे हवे असलेले पुस्तक आणि फुली म्हणजे घेऊन झालेले. त्यांचे कपाट उघडून एकदा ताडून पाहा, आणि ज्यांच्यावर फुली पडायची राहून गेली, त्यांतले एखादे अजून मिळते का, याची दुकानात चौकशी करा.