‘अर्ध्या दिवसाच्या’ नोकरीचा हिशेब

प्रश्न : माझी मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली आहे. आम्ही मानेवाडा भागात राहतो. घराजवळच्या एका कॉन्व्हेंटमध्ये नर्सरीसाठी ‘असिस्टंट टीचर’ची जागा आहे. पगार महिना 7,500 रुपये, वेळ सकाळी 8 ते 12.30. मुलगी पुढे शिकायचे म्हणते, विशेष मुलांना शिकवण्याचा कोर्स तिच्या डोक्यात आहे. पण स्थळे येऊ लागली आहेत आणि शाळेची नोकरी अर्ध्या दिवसाची असल्याने सासरीही चालेल, असे आम्ही ठरवले आहे. पगार किती वाढेल आणि ती किती वर्षांत कायम होईल, एवढेच सांगावे. – एक पालक, नागपूर

उत्तर :

स. न. वि. वि.

‘आम्ही ठरवले आहे’ या तीन शब्दांपाशी मी बराच वेळ अडकलो. त्या ‘आम्ही’त तुमची मुलगी आहे का, हे पत्रावरून कळत नाही. तिला काय करायचे आहे ते तुम्ही एका वाक्यात उरकले आहे आणि तेही ‘डोक्यात आहे’ अशा शब्दांत, जणू ते एखादे खूळ आहे. ज्या सासरचा अजून पत्ताही नाही, त्या सासरच्या सोयीने बावीस-तेवीस वर्षांच्या पदवीधर मुलीची नोकरी आज निवडली जात आहे. हे मला त्या 7,500 रुपयांपेक्षा अधिक काळजीचे वाटते. येणारी माणसे कशी असतील, त्यांना सुनेची नोकरी किती तासांची हवी असेल, किंवा ती हवी तरी असेल का, यांपैकी काहीही तुम्हाला ठाऊक नाही. तरीही तडजोड मात्र आधीच करून ठेवलेली आहे, आणि ती मुलीच्या खात्यावर. तुम्ही हे प्रेमापोटीच करत असाल, याबद्दल मला शंका नाही. पण मार्गदर्शनासाठी येणाऱ्या अनेक घरांत मी हेच प्रेम पाहतो, आणि पाच-सहा वर्षांनी त्याच मुली ‘आता कुठून सुरुवात करू’ असे विचारत एकट्या येतात, हेही पाहतो.

आता तुमचा ‘अर्धा दिवस’. 8 ते 12.30 ही मुलांची वेळ झाली. नर्सरीची सहायिका साडेसातला हजर असते आणि शेवटची व्हॅन निघेपर्यंत, म्हणजे दीडपर्यंत, तिला हलता येत नाही. हे सहा तास झाले. महिन्याचे 25 दिवस धरले तर 150 तास, म्हणजे तासाला 50 रुपये. तक्ते, कागदकाम, स्नेहसंमेलनाचे पोशाख हे सगळे घरी येते. त्याचे रोज दोनच तास धरले तरी 200 तास होतात आणि भाव 37 रुपये 50 पैशांवर उतरतो. शिवाय प्रवेशाच्या दिवसांत पत्रके घेऊन घरोघर फिरण्याचे काम अनेक ठिकाणी याच मुलींच्या वाट्याला येते, आणि नागपुरात ते दिवस कोणत्या उन्हाचे असतात हे तुम्हाला सांगायला नको. पगार बारा महिने मिळणार की दहा, हे तुम्ही विचारलेले दिसत नाही. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. सुटीचा पगार देत नसतील तर वर्षाचे 75,000 रुपये होतात, म्हणजे महिन्याला पडले 6,250. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते आठवीच्या शिक्षकाचे कामाचे तास, तयारीचा वेळ धरून, आठवड्याला किमान 45 सांगितले आहेत. नर्सरीला ही तरतूद लागू होत नाही, परंतु शिकवण्याचे काम अर्ध्या दिवसाचे असते ही समजूत किती चुकीची आहे, ते एवढ्यावरूनही दिसते.

तुमच्या प्रश्नातला खरा घोटाळा मात्र पदाच्या नावात आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत ‘सहायक शिक्षक’ म्हणजे कोणाच्या हाताखालचा मदतनीस नव्हे. तो वेतनश्रेणीवरचा पूर्ण शिक्षक असतो. तो आधी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करतो (2023 पासून हे मानधन प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये आहे) आणि त्यानंतर सहायक शिक्षक होतो. प्राथमिक शाळेत सातव्या वेतन आयोगानुसार त्याचे मूळ वेतन 29,200 रुपयांपासून सुरू होते. शेजारच्या कॉन्व्हेंटने जाहिरातीत तेच नाव इंग्रजीत छापले असले तरी ते पद निराळे आहे. मुख्य बाईंच्या शेजारी उभे राहून मुलांचे हात धुणारी, डबे उघडून देणारी, रडणाऱ्याला कडेवर घेणारी ती व्यक्ती असते. काम कष्टाचे आणि मोलाचे आहे, पण संचमान्यतेत, म्हणजे सरकारने शाळेला मंजूर केलेल्या पदांत, नर्सरीची अशी जागाच नसते. त्यामुळे ‘किती वर्षांत कायम होईल’ याचे उत्तर ‘त्या पदावरून होत नाही’ असे आहे. पगारवाढ संस्थाचालकांच्या मर्जीवर राहील, आणि ती मर्जी सहसा वर्षाला काही शे रुपयांपलीकडे जात नाही, असा माझा अनुभव आहे.

शिक्षकाच्या नेहमीच्या वाटेबद्दल थोडक्यात सांगतो : पाचवीपर्यंत डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका), सहावीपासून पदवी आणि बी.एड., आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), आणि मग भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी व पवित्र पोर्टल (शिक्षकभरतीचे सरकारी संकेतस्थळ).

तुम्ही ज्याला खूळ समजता, त्या कोर्सकडे मात्र मी नीट पाहीन. विशेष शिक्षणातील बी.एड. पदवीनंतर करता येते, मानसशास्त्राचा तिथे उपयोग होतो आणि तो अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी होते. स्वमग्न किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसोबत वर्गात बसणारी जी सहायिका असते, तिच्या कामाला या नोंदणीमुळे व्यावसायिक दर्जा येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर केंद्र सरकारने 2022 मध्ये अशा शिक्षकांचे प्रमाणही ठरवले आहे : प्राथमिक स्तरावर 10 विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि उच्च प्राथमिक स्तरावर 15 मागे एक. सरकारी भरती संथ आहे आणि पुष्कळ जागा कंत्राटी आहेत, हे मी लपवत नाही. तरीही, ‘असिस्टंट’ म्हणून दहा वर्षे काढून हाती अनुभवाचा एक दाखला येण्यापेक्षा दोन वर्षे शिकून नोंदणी क्रमांक मिळवणे मला शहाणपणाचे वाटते.

प्रवेश मिळेपर्यंत, लहान मुलांत रमता येते का हे पाहण्यासाठी तिला स्वतःला ही नोकरी करावीशी वाटली, तर एक वर्ष जरूर करू द्या. मात्र नेमणूकपत्र लेखी घ्यावे. त्यात कामाची वेळ साडेसात ते दीड अशी खरी लिहिलेली असावी आणि मे-जूनच्या पगाराचा स्पष्ट उल्लेख असावा. शाळेत 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधीची कपात झालीच पाहिजे. पदवीची मूळ प्रमाणपत्रे ‘जमा’ करून घेण्याची काही संस्थांना खोड असते; ती देऊ नयेत, छायाप्रती द्याव्यात. या चार गोष्टींना शाळेने आढेवेढे घेतले, तर नोकरी कशी असेल याचा अंदाज रुजू होण्याआधीच येईल.

स्थळांचे काय करायचे, ते मी सांगणार नाही. तो माझा विषय नाही. पण पुढचे पत्र तुमच्या मुलीने लिहावे. विशेष शिक्षणाचा विचार तिला कशावरून सुचला, तिने तशी एखादी शाळा आत जाऊन पाहिली आहे का, आणि प्रवेशासाठी तिची पदवीची टक्केवारी किती आहे, एवढे त्यात असावे. उत्तर मी तिच्याच नावाने पाठवीन.