पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाचा ओठ दुभंगलेला दिसला, गर्भजलाची तपासणी करावीच लागेल का?

करावीच लागेल असं नाही. पण ओठाशिवाय आणखी काही वेगळं दिसलं किंवा घराण्यात कुणाला हाच त्रास असेल, तर जरूर करा. मी मुंबईत जेनेटिक काउन्सेलर आहे. ओठ दुभंगलेल्या बहुतेक बाळांना दुसरा कुठलाच आजार नसतो. ओठ आणि टाळू पहिल्या तीन महिन्यांतच सांधले जातात, तो सांधा राहिला की फट उरते. ग्रहणात विळी हातात धरल्यामुळे हे होत नाही, घरच्यांनाही हे स्पष्ट सांगा.

आधी फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या आजारांच्या तज्ज्ञांकडून सविस्तर सोनोग्राफी आणि बाळाच्या हृदयाची इको करून घ्या. हृदयातही दोष निघाला तर गर्भजलावर मायक्रोअरे, म्हणजे गुणसूत्रांतले बारीक बदलही पकडणारी चाचणी करायला सांगतात, कारण २२व्या गुणसूत्राचा गळालेला बारीक तुकडा कॅरिओटाइप या गुणसूत्रांच्या साध्या तपासणीत सुटू शकतो. तुमच्या दोघांपैकी कुणाच्या खालच्या ओठावर दोन छोटे खळगे असतील तर तेही दाखवा. तो वान डर वाऊड सिंड्रोम, म्हणजे ओठ-टाळू दुभंगण्याचा आनुवंशिक आजार असू शकतो, आणि तो प्रत्येक बाळात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते.

मात्र रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून टाळूही ठीक आहे असं धरू नका. नुसती टाळूची फट सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाही. जन्मल्याबरोबर टॉर्च लावून पडजिभेपर्यंत तपासायला सांगा. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळूची वर्षाच्या आसपास होते. परळच्या वाडिया बाल रुग्णालयात आताच भेटून ठेवा.