नवरा जर्मन, मी पुण्यात: स्पाउस व्हिसा येईपर्यंत टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथेच राहता येईल का?

भेटायला जाता येईल, पण तिथेच राहून रेसिडेन्स परमिट करून घेऊ म्हणाल तर तसं धरून चालू नका. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाचे नागरिक जर्मनीत पोचल्यावर अर्ज करू शकतात, आपल्याला मात्र इथूनच नॅशनल व्हिसा म्हणजे डी टाइप (९० दिवसांपेक्षा जास्त राहण्यासाठीचा) घेऊन जावं लागतं, आणि "लग्न झालंय ना मग काय" एवढ्यावर भागत नाही. मी स्वतः याच मार्गाने गेलेय म्हणून सांगते, आधी ए१ ची, म्हणजे जर्मन भाषेच्या पहिल्या पातळीची परीक्षा उरका, पुण्यात मॅक्सम्युलर भवनात होते, कारण अर्जासोबत ते सर्टिफिकेट लागतं आणि खरा वेळ तिथेच जातो.

मधल्या काळात भेटायचं असेल तर शेंगेन व्हिसाचं (जर्मनी, फ्रान्स वगैरे देशांसाठीचा एकच टुरिस्ट व्हिसा) गणित नीट समजून घ्या:
- कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि पोचल्याचा आणि निघाल्याचा दिवस दोन्ही मोजतात
- मधेच पॅरिसला फिरून आलात तरी तेही दिवस त्याच ९० मधे
- स्टिकरवर ३० दिवस लिहिलेत तर ३०च

अर्जात नवरा तिथे आहे हे अजिबात लपवू नका ताई, खोटं सापडलं तर पुढचा स्पाउस व्हिसाच अडकेल, उलट नोकरीचं पत्र, मंजूर रजा, परतीचं बुकिंग असं परत येणार हे दाखवणारं सगळं जोडा. एक आहे, नवरा जर्मन नागरिक नसून ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परमिटवर) असता तर ए१ लागलं नसतं, त्यामुळे ब्लू कार्डवाल्या मैत्रिणींची चेकलिस्ट तशीच्या तशी वापरू नका.