शब्द पाठ होत नाहीत? आधी त्यांची भावकी ओळख

तुझं पत्र दोनदा वाचलं. तासगाव तालुक्यातलं गाव, घरची द्राक्षबाग, शाळा-कॉलेज सगळं मराठी मिडीयम, बीए झालंय आणि आता तलाठी आणि सरळसेवेची तयारी चाललीय. तीन हजार इंग्रजी शब्दांची यादी आणलीस, रोज पन्नास पाठ करतेस आणि आठवड्यानं त्यातले चाळीस गायब, मराठीच्या समानार्थी शब्दांचं पण तेच, म्हणून तू विचारतेस की मॅडम, इंग्रजी सोडून बाकीच्या विषयांवर जोर देऊ का, आणि आई म्हणते तसं सांगलीत रूम घेऊन क्लास लावू का.

इंग्रजी अजिबात सोडू नकोस. २०२३ च्या तलाठी भरतीचा पेपर आठव, १०० प्रश्न २०० मार्क, त्यात मराठीचे २५ आणि इंग्रजीचे २५. म्हणजे अर्धा पेपर भाषेचा, तो सोडलास तर बाकीच्या दोन विषयांत, सामान्य ज्ञान आणि गणित-बुद्धिमत्तेत, एकही चूक केली नाहीस तरी दोनशेपैकी शंभरच मार्क होतात. आणि तुझी स्मरणशक्ती कमी आहे असं जे तू लिहिलंयस ते मला मुळीच पटलं नाही. सुटे सुटे शब्द कुणाच्याच डोक्यात राहत नाहीत गं. गावात नवीन आलेल्या माणसाला आपण आधी विचारतो, कुणाच्यातला? एकदा घराणं कळलं की माणूस लक्षात राहतो. शब्दांना पण अशीच भावकी असते.

मराठीपासूनच बघ. पाण्याचे शब्द तुला येतात, जल, नीर, वारि, अंबु, तोय. आता मागं लागणारी तीन शेपटं लक्षात ठेव. 'ज' म्हणजे जन्मलेलं, 'द' म्हणजे देणारं, 'धी' म्हणजे साठवून धरणारं. पाण्यात जन्मतं ते कमळ, म्हणून जलज, नीरज, वारिज, अंबुज. पाणी देतो तो ढग, म्हणून जलद, नीरद, वारिद, अंबुद, तोयद. पाणी धरून ठेवतो तो समुद्र, जलधी, वारिधी, अंबुधी. पाच आणि तीन, आठ गोष्टी पाठ केल्यास आणि बारा शब्द हातात आले, शिवाय तेरावा न वाचलेला आला तरी घाबरायचं कारण नाही. समज पेपरात आलं 'तोयधी', पर्याय कमळ, ढग, समुद्र, मासा. शब्द कधी बघितला नसशील पण शेवटचं 'धी' दिसलं की समुद्रावर टिक करायला दहा सेकंद पुरे.

तसंच 'ग' म्हणजे जाणारा. ख म्हणजे आकाश (खगोल मधला), म्हणून खग म्हणजे पक्षी. उर म्हणजे छाती, छातीवर सरपटत जातो तो उरग, साप. आणि नग म्हणजे जो जात नाही, हलत नाही तो, डोंगर. अचल पण तेच सांगतो. हे एकदा समजून घेतलंस की पुसायचं म्हटलं तरी पुसत नाही.

आता इंग्रजी. तू लिहिलंयस की घरात इंग्रजीचं वातावरणच नाही. अगं, तुमच्या औषधाच्या खोलीत जाऊन बाटल्यांवरची लेबलं वाच! फंगिसाइड (बुरशीनाशक), इन्सेक्टिसाइड (कीटकनाशक), हर्बिसाइड (तणनाशक). द्राक्षावरच्या डाऊनी रोगाला कुठलं मारायचं आणि भुरी रोगाला कुठलं हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. त्यातलं 'साइड' म्हणजे मारणारं, मूळ लॅटिनमध्ये कापणं, मारणं. मग होमिसाइड म्हणजे मनुष्यवध, रेजिसाइड म्हणजे राजाचा खून, जेनोसाइड म्हणजे वंशसंहार. आणि गंमत बघ, 'डिसाइड' मध्ये पण तेच मूळ आहे, कापून टाकणं. आपण म्हणतो ना एक घाव दोन तुकडे, अगदी तसंच.

'मल' घे. मलेरिया माहितीय, तो शब्द मुळात इटालियन, खराब हवा. मॅलन्यूट्रिशन म्हणजे कुपोषण. 'मल' दिसलं की वाईट काहीतरी. उलट 'बेने' म्हणजे चांगलं, बेनिफिट मधलं. आणि 'डिक्ट' म्हणजे बोलणं, डिक्टेशन, डिक्शनरी. आता 'मॅलेडिक्शन' आलं तर? वाईट बोलणं, म्हणजे शाप, पर्यायात 'कर्स' शोध. 'बेनेडिक्शन' आलं तर आशीर्वाद, 'ब्लेसिंग'.

पण इथं एक गोष्ट मनापासून सांगते कारण हुशार मुलं इथंच मार खातात. तुकडा दिसला की लगेच टिक करायची नाही. नीरज मध्ये नीर म्हणजे पाणी, पण नीरस मध्ये पाणी नाही, तिथं निः अधिक रस असा संधी आहे, रस नसलेलं. नीरव पण तसंच, आवाज नसलेलं. 'प' चं तर दोन्हीकडं घर आहे, पादप म्हणजे पायानं म्हणजे मुळानं पिणारं, झाड, आणि मधुप म्हणजे भुंगा, पण नृप आणि भूप मधला 'प' पिणारा नाही, पाळणारा आहे, म्हणून राजा. दिनकर मधला 'कर' करणारा, रत्नाकर मात्र रत्न अधिक आकर, आकर म्हणजे खाण, म्हणून तो समुद्र. इंग्रजीत 'इन' म्हणजे नाही असं शिकवतात, पण टँकरच्या मागं 'हायली इनफ्लेमेबल' लिहिलेलं असतं ते पटकन पेट घेणारं या अर्थानं, आणि इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल.

म्हणून तुकड्यांवरून अंदाज बांधायचा, मग पर्यायांशी ताडून बघायचं. शब्द विशेषण असेल तर उत्तरही विशेषणच पाहिजे, 'बेनेव्होलंट' ला 'काइंड' चालेल, 'काइंडनेस' नाही. वाक्य दिलं असेल तर पर्याय त्या वाक्यात बसवून वाचायचा. आणि ज्या शब्दांना शेपूटही नाही आणि डोकंही नाही, ते सरळ पाठच करावे लागतात, तिथं ही युक्ती चालत नाही.

ती तीन हजारांची यादी टाकून देऊ नकोस पण क्रमानं पाठ करणं आजपासून बंद. दोनशे पानी वही घे, एका पानावर एकच भावकी, वर मूळ, खाली तुला आधीच माहीत असलेला एक शब्द (तो पाहिजेच, त्याच्याच बोटाला धरून बाकीचे येतात), मग यादीतले नवीन शब्द. खाली दोन ओळी फसवणाऱ्यांसाठी रिकाम्या ठेव, नीरस सारख्या. रोज एक पान. जुने पेपर सोडवताना चुकलेला शब्द त्याच्या त्याच्या पानावर नेऊन बसवायचा.

राहिलं रूमचं. नुसत्या शब्दांसाठी सांगलीत रूम, मेस, क्लास एवढा खर्च बागेच्या पैशातून काढू नका असं आईला माझ्याकडून सांग. गणित आणि बुद्धिमत्तेत मार्क किती पडतात ते तू लिहिलंच नाहीस. तिथं अडत असेल तर क्लासचा विचार करू. दोन जुने पेपर घड्याळ लावून सोडव, चारी विषयांचे मार्क वेगवेगळे लिहून पाठव, आणि वहीची पहिली दहा पानं झाली की त्यांचे फोटो पण पाठव, मी बघून देते.