दहा दिवसांच्या नेपाळ मिशन ट्रिपवर येशूबद्दल कसं सांगायचं?

कोल्हापुरातनं चर्चचा युवक ग्रुप घेऊन चाललाय आणि पत्रकं वाटायची का विचारताय, तर आधी ते डोक्यातनं काढा. नेपाळच्या राज्यघटनेत कलम २६ नुसार दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी आहे, २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद न् ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड, आणि परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत देशाबाहेर. आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून काय घरचं अंगण नव्हे ते! आणि तुम्ही परत येणार, भोगणार तिथली मंडळी.

म्हणून तिथल्या पास्टरना विचारून, ते सांगतील तेवढंच करा. उपासना तिकडं बहुतेक ठिकाणी शनिवारी असते, तिथं साक्ष, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव, द्यायला मिळेल, ती तीन-चार मिनिटांचीच ठेवा, साध्या हिंदीत, "तारण", "पवित्रीकरण" असले जड शब्द न घालता, आधी मी कसा होतो मग काय झालं, बास. बाहेर कुणी आपणहून विचारलं तर स्वतःपुरतं बोला, वाद घालू नका, आणि खाऊ-कपड्यांच्या बदल्यात प्रार्थना तर अजिबात नको राव.

आपल्याकडं कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी वाइल्डर १८५२ ला आले ते वर्षानुवर्षं राहिले, भाषा शिकले. तुमच्याकडं दहाच दिवस, त्यातले दोन-तीन तर प्रवासातच जाणार, तेव्हा भांडी घासा, पोरांशी खेळा, ऐका जास्त. आणि थोडं नेपाळी शिकून जा, "जय मसीह" म्हटलं की मंडळीतली माणसं लगेच खुलतात.